जड धातूचा नाद

इतिहासाच्या अभ्यासकाला डोळ्यांचा उपयोग फार आणि कानांचा थोडा. कागद, ताम्रपट, नाणीं, शिलालेख, पडक्या भिंती हीं आमचीं साधनें, आणि तीं सारीं मुकीं. एखाद्या गढीच्या बुरुजावर किती वजनाची तोफ होती हें आम्ही सांगूं शकतों. ती उडाल्यावर खालच्या पेठेंतलीं पोरें कशीं दचकत हें सांगण्याचें काम आम्ही कादंबरीकारांवर सोंपवून मोकळे होतों. मी जळगांवच्या एका महाविद्यालयांत गेलीं अठ्ठावीस वर्षें हा विषय शिकवीत आलों आहें, तेव्हां हा आरोप प्रथम माझ्यावरच आहे. तो माझ्या ध्यानांत आला तो मात्र धुळ्याच्या किंवा पुण्याच्या दप्तरांत नव्हे. तो ध्यानांत आला विलायतेंतल्या बर्मिंगहॅम शहरीं, आणि तोही अशा एका संगीताच्या प्रदर्शनांत, कीं ज्याचा सूर कानीं पडतांच मी एके काळीं घराचीं दारें लावून घेत असें.

सन २०१९ च्या जुलै महिन्यांत माझ्या पुतण्याकडे कांहीं दिवस राहण्याचा योग आला. हा पुतण्या तिकडे मोटारींच्या कारखान्यांत अभियंता आहे. महाविद्यालयांत शिकत असतांना तो आमच्याच घरीं होता, आणि त्या चार वर्षांत जें संगीत त्याच्या खोलींतून आमच्या माजघरापर्यंत येई त्याला 'हेवी मेटल' म्हणतात हें मला त्याच्याकडूनच कळलें. हेवी मेटल म्हणजे जड धातु. विजेच्या गिटारीचा स्वर मुद्दाम फाटेपर्यंत वाढवावयाचा, ढोलांचा मारा अखंड ठेवावयाचा, गाणाऱ्यानें गाण्याऐवजीं आरोळी ठोकावयाची, आणि या सर्वांनीं काळे सदरे घालावयाचे व त्यांवर शक्य तर एखादी कवटी काढावयाची, असें या संप्रदायाचें बाह्य रूप आहे. "अरे, हें संगीत आहे कीं लोहारकाम?" असें मीं त्याला एकदां रागानें विचारलें होतें. त्यावर तो नुसता हसला होता. तो कां हसला हें समजण्यास मला पंधरा वर्षें लागलीं.

बर्मिंगहॅमच्या संग्रहालयांत मला जावयाचें होतें तें निराळ्याच धातूसाठीं. तेथें बुद्धाची एक तांब्याची मूर्ति आहे. बिहारांत गंगेच्या कांठीं सुलतानगंज येथें रेल्वेचें काम चालू असतांना १८६१ च्या सुमारास हॅरिस नांवाच्या अभियंत्याला ती जमिनींत सांपडली. उंची सुमारें साडेसात फूट, वजन ५०० किलोहून अधिक, काळ इसवी सन ५०० ते ७०० यांमधला, आणि मेणाचा नमुना वितळवून त्या जागीं तांबें ओतण्याच्या जुन्या पद्धतीनें घडविलेली. बर्मिंगहॅमचे माजी नगराध्यक्ष सॅम्युएल थॉर्नटन यांनीं २०० पौंड खर्चून ती विलायतेस आणविली. हे गृहस्थ रेल्वेला लागणाऱ्या लोखंडी सामानाचे व्यापारी होते. १८६४ सालीं त्यांनीं ती नियोजित कलासंग्रहालयासाठीं शहराला देऊं केली. म्हणजे संग्रहालयाची इमारत उघडली १८८५ त, आणि तिच्यांतली पहिली वस्तु तिच्या आधीं वीस वर्षें येऊन तिची वाट पाहत बसली होती. लोखंड आपल्याकडे आलें आणि तांबें तिकडे गेलें, असा हा व्यवहार. याच दशकांत आमच्या खानदेशांतूनही ग्रेट इंडियन पेनिनशुलाचे रूळ पडत होते, आणि अमेरिकेंतल्या यादवीमुळें आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण तें पुढें येईल.

मूर्तीसमोर मी बराच वेळ उभा राहिलों. अभयमुद्रेंतला तो उजवा हात पाहून मनाला जें वाटतें तें लिहिण्याचा येथें प्रसंग नाहीं. पुतण्या जवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, या इमारतींतला सर्वांत जड धातु तुम्हीं पाहिलात. आतां माझा पाहायला चला."

त्या उन्हाळ्यांत २६ जूनपासून २९ सप्टेंबरपर्यंत त्याच इमारतींत 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाच्या पन्नास वर्षांचें प्रदर्शन भरलें होतें. ज्या दारानें आंत जावयाचें त्याच्यापाशीं एका शिळेवर इंग्रजींत कोरलेलें आहे, त्याचा अर्थ असा: उद्योगाच्या प्राप्तींतून आम्ही कलेचें संवर्धन करतों. ही केवळ शोभेची भाषा नव्हे. शहराच्या नगरपालिकेचें गॅसचें खातें नफ्यांत होतें. त्या खात्याच्या कचेऱ्या खालीं आणि कलादालनें वर, अशा युक्तीनें ही इमारत बांधली गेली. दिवाबत्तीच्या पैशावर चित्रें उभीं राहिलीं. आंत एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रज चित्रकारांचा मोठा संग्रह आहे, आणि त्या संग्रहाच्या शेजारीं आतां काळे सदरे घातलेल्या माणसांची रांग लागली होती.

या रांगेंत मी एकटाच पांढऱ्या सदऱ्याचा. संकोच वाटला हें कबूल करतों. परंतु आंत गेल्यावर इतिहासाच्या शिक्षकाला जें प्रथम दिसावयाचें तें दिसलें. प्रदर्शनाची रचना वादकांच्या बाजूनें केलेली नव्हती, ती ऐकणाऱ्यांच्या बाजूनें केलेली होती. वादकांचीं वाद्यें, पोशाख, छायाचित्रें होतींच. पण त्यांच्या बरोबरीनें चाहत्यांनीं जपून ठेवलेल्या वस्तु मांडल्या होत्या. 'होम ऑफ मेटल' या नांवानें काम करणाऱ्या मंडळींनीं जगभर हिंडून ३,००० हून अधिक चाहत्यांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. ज्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत यावयाचीं नाहींत अशीं तीं माणसें भिंतीवरून आपल्याकडे सरळ पाहत होतीं. कोणी म्हातारी, कोणी मुलाला कडेवर घेतलेला बाप. घरोघर जाऊन "तुमच्याकडे जुनें कांहीं आहे काय?" असें विचारण्याची ही रीत मला अपरिचित नव्हती. आमच्या राजवाड्यांनीं दुसरें काय केलें? ते दप्तरांसाठीं गांवोगांव पायपीट करीत. हीं मंडळी फाटक्या जाकिटांसाठीं करीत होती.

आतां या वाद्यवृंदाची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण आमच्या बहुतेक वाचकांस ती ठाऊक नसेल. १९४८-४९ सालीं जन्मलेलीं चार मुलें, चौघेही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तींतले. त्यांतला गाणारा ऑझी ऑझबर्न. त्याची एक नोकरी मोटारींचे भोंगे तपासून त्यांचा स्वर लावण्याची होती. दिवसभर एका बंद खोलींत भोंगा वाजवावयाचा, पिळावयाचा, पुन्हां वाजवावयाचा. पुढें त्यानें खाटीकखान्यांतही काम केलें. दुसरा, गिटार वाजविणारा टोनी आयोमी, पत्रे कापण्याच्या कारखान्यांत होता. १९६५ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, नोकरीच्या शेवटच्या दिवशीं यंत्राखालीं त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा, तारा दाबण्याचा हात तो उजवा. वादन संपलें असें डॉक्टरांनीं सांगितलें. तेव्हां कारखान्यांतल्या त्याच्या वरिष्ठानें त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून दिली. या वादकाचीं दोन बोटें १९२८ सालीं आगींत निकामी झालीं होतीं, आणि त्यानंतरच तो युरोपांतला अग्रगण्य गिटारवादक झाला. आयोमीनें भांडीं घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, वर जुन्या जाकिटाचें चामडें चिकटविलें. गिटारीच्या जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढविल्या, आणि पुढें १९७१ च्या सुमारास तारांचा ताण कमी व्हावा म्हणून सारी गिटारच खालच्या स्वरांत उतरविली. तो जो खोल, जड, जमिनींतून आल्यासारखा ध्वनि, जो पुढें जगभर या संगीताची खूण झाला, त्याच्या मुळाशीं एका कामगाराचीं तुटलेलीं बोटें आहेत.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० ला निघाली. ती सारी एका दिवसांत ध्वनिमुद्रित झाली होती. तिच्यांतल्या पहिल्या गाण्याचा आरंभ तीन स्वरांचा आहे: षड्ज, त्यावरचा तार षड्ज, आणि मग खालीं उतरून तीव्र मध्यम. असें सांगतात, कीं होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'ग्रहमाले'तला मंगळाचा भाग त्यांच्यांतला एक जण वाजवीत होता, त्यावरून हें सुचलें. हा होल्स्ट म्हणजे ज्यानें संस्कृत शिकून ऋग्वेदांतल्या सूक्तांवर संगीत रचलें आणि आपल्या सावित्रीवर संगीतिका लिहिली तोच. षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतचें हें अंतर युरोपीय कानांना इतकें बेसूर वाटे, कीं अठराव्या शतकापासूनच्या त्यांच्या ग्रंथांत त्याला 'संगीतांतला सैतान' म्हटलेलें आढळतें. चर्चनें त्यावर बंदी घातली होती ही गोष्ट मात्र दंतकथाच दिसते. मला मौज वाटली ती निराळी. आमच्याकडे हा तीव्र मध्यम म्हणजे दिवेलागणीचा स्वर. यमन, मारवा, पूरिया हे सारे त्याच्याच आधारानें उभे. ज्या वेळीं तुळशीपुढें पणती लागते आणि घरांत शुभंकरोति सुरू होतें, त्या वेळेचा स्वर तिकडे सैतानाच्या वांट्यास गेला!

प्रदर्शन पाहून बाहेर पडणारे बहुतेक जण एक वाक्य म्हणत होते: हें संगीत म्हणजे कारखान्यांचा आवाज. वादकांनीं स्वतःही तसें म्हटलेलें आहे. त्याच भागांतल्या 'जूडस प्रीस्ट' या दुसऱ्या वृंदाच्या गायकानें लहानपणीं ओतशाळांच्या शेजारीं शाळा भरे तेव्हांच्या आठवणी सांगितल्या आहेत. पण इतिहासाच्या माणसाला इतकी सोपी कारणपरंपरा पचत नाहीं. आवाज मँचेस्टरांतही होता, अंमळनेरांतही होता. तेथें हें संगीत कां निघालें नाहीं? त्याला विजेचीं ध्वनिवर्धक यंत्रें लागलीं. अमेरिकेंतल्या कृष्णवर्णीयांचें दुःखाचें गाणें ध्वनिमुद्रिकांवरून या मुलांपर्यंत पोहोंचावें लागलें. ज्यांना कारखान्यांतच म्हातारें व्हावयाचें नाहीं अशा मुलांच्या हातीं हप्त्यानें घेतलेली गिटार यावी लागली. आणि एक यंत्र बोटांवर पडावें लागलें. घण प्रत्येक लोहाराच्या कानावर पडतो. त्यांतून गाणें निघावयाला बाकीचें पुष्कळ जुळून यावें लागतें.

असा विचार करीत मी शेवटच्या दालनांत आलों. तेथें एक वृद्ध गृहस्थ होते. कानांत श्रवणयंत्र, अंगांत काळें जाकीट, त्यावर शिवलेल्या पट्ट्यांचे रंग उडालेले. ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर तळहात सपाट ठेवून ते डोळे मिटून उभे होते. पुतण्यानें त्यांच्याकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें, आणि विचारलें, "काका, आजोबा गिरणींत कोणत्या खात्यांत होते?"

"साचेखात्यांत," मी म्हणालों, आणि पुढें बोलवेना.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणत असूं, खानदेशांतल्या एका कापडगिरणींत विणकर होते. अमेरिकेंतल्या यादवीच्या वेळीं, १८६१ ते १८६५ या काळांत, इंग्लंडला जाणारा तिकडचा कापूस बंद झाला. त्या तेजींत आणि रेल्वेच्या आधारानें खानदेशचा कापूस नांवारूपास आला. १८७० नंतरच्या दशकांत जळगांवांत खानदेश मिल उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंमळनेर, धुळें येथें प्रतापशेटजींच्या गिरण्या झाल्या. या सर्व गिरण्या आतां बंद आहेत. कोठें बाजारपेठ झाली, कोठें चिमणी तेवढी उभी आहे. पण माझ्या लहानपणीं गांवाचें घड्याळ म्हणजे भोंगा. पहिल्या भोंग्याला चुली पेटत, दुसऱ्याला तात्या दारांतून बाहेर पडत. आमची आजी उपास सोडावयाची तीही भोंग्यावर. पुतण्यानें एकदां मला विचारलें होतें, कीं आपल्याकडच्या भोंग्याचा स्वर कोणता होता? मला सांगतां आला नाहीं. वीस वर्षें रोज ऐकलेला स्वर! ऑझबर्ननें एका कारखान्यांत शेंकडों भोंगे लावले, त्याची नोंद संग्रहालयांत आहे. आमच्या गांवच्या एकुलत्या एका भोंग्याची नोंद कोठें नाहीं.

साचेखातें म्हणजे काय हें ज्यानें पाहिलें नाहीं त्याला शब्दांनीं सांगणें कठीण. धोटा एका बाजूनें दुसऱ्या बाजूस फेंकला जातो तो हातानें नव्हे. लांकडी दांडा त्याला तडाखा देतो, आणि पलीकडच्या पेटींत तो आदळतो. असें मिनिटाला दीडशेंहून अधिक वेळां. आणि असे शेंकडों साचे एका छपराखालीं. अशा खात्यांतला आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो असें मोजलेलें आहे. आठ तासांच्या पाळीला ८५ च्या वर धोका समजतात. हें कोण्या एका गिरणीचें वैगुण्य नव्हे, जगांतल्या प्रत्येक साचेखात्याचें तेंच. लँकेशरच्या विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशीं बोलत, आणि त्या बोलण्याला त्यांच्या बोलींत स्वतंत्र नांवही होतें. तात्याही तसेच बोलत. घरीं आले तरी ओठ फार हालवून, हात उडवून बोलत, आणि इतके मोठ्यानें, कीं शेजारीं भांडण चाललें आहे असें वाटे. मी महाविद्यालयांत जाऊं लागल्यावर मला त्याची लाज वाटूं लागली. मित्र घरीं आले, कीं तात्यांनीं बाहेर यावें असें मला वाटत नसे. पन्नाशीच्या आंतच त्यांचे कान गेले. गिरणी बंद पडली तेव्हां साच्यांचें लोखंड भंगाराच्या भावानें वजन करून गेलें. तात्या तें पाहावयाला गेले होते. परत आल्यावर कांहीं बोलले नाहींत.

प्रतापशेटजींचें नांव वर आलें आहे, त्याविषयीं दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. बर्मिंगहॅमच्या त्या शिळेवर जें कोरलें आहे तें या गृहस्थांनीं अंमळनेरांत न कोरतां केलें. गिरणीच्या प्राप्तींतून त्यांनीं १९१६ सालीं तत्त्वज्ञानमंदिर काढलें. देशांतले नामांकित पंडित त्या लहानशा गांवीं वेदान्ताचा अभ्यास करावयास येऊन राहिले. ज्या प्रताप हायस्कुलांत साने गुरुजी शिक्षक होते तेंही त्यांच्याच नांवाचें, आणि १९४५ त निघालेलें प्रताप महाविद्यालयही. मी स्वतः या दानाच्या छायेंत शिकलों आहें. तेव्हां गिरणीनें खानदेशाला ज्ञान दिलें नाहीं असें म्हणण्याचा कृतघ्नपणा माझ्या हातून होणार नाहीं. मला एवढेंच जाणवतें, कीं भोंग्याच्या पैशावर आम्ही जगन्मिथ्यात्वाचा विचार केला, आणि तो करतांना भोंगा ऐकूं येऊं नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. ३१ डिसेंबर १९२६ ला राजवाडे धुळ्यांत वारले, आणि पुढच्याच महिन्यांत त्यांच्या अनुयायांनीं हें मंडळ स्थापन केलें. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें बावीस खंड काढणाऱ्या त्या एकांड्या पुरुषाचा संग्रह तेथें आहे, मूर्ति आहेत, हस्तलिखितें आहेत. मी तेथें किती दिवस काढले याचा हिशेब नाहीं. इकडे जळगांवांत २०१२ सालीं जैन हिल्सवर गांधीतीर्थ उघडलें. महात्माजींच्या चरित्राचें इतकें नेटकें संग्रहालय फार थोड्या ठिकाणीं असेल. तेथें चरख्याचा मान मोठा आहे, आणि तो असावाच. पण ज्या साच्यावर खानदेशांतल्या कित्येक हजार घरांची चूल चालली तो साचा, तो धोटा, तो भोंगा एखाद्या दालनांत जपून ठेवलेला माझ्या पाहण्यांत नाहीं. चरखा शांत आहे. त्याच्या गुणगुणण्यावर आमच्या वर्गाचें मन बसतें. मोठ्या आवाजाचें आम्हांला वावडें आहे.

हें वावडें मी दुसऱ्याच्या माथीं मारीत नाहीं. आमच्याकडे लग्नाच्या वरातींत जो बँड असतो त्याची कीर्ति खानदेशाबाहेरही आहे. पितळी वाद्यें पलटणींतून आलीं. पुढें त्यांच्यांत विजेचा बँजो मिसळला. हा बँजो आयोमीच्या तारांचा अमेरिकन बँजो नव्हे. टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेलें हें वाद्य १९१२ सालीं जपानांत निघालें, आणि आपल्याकडे बुलबुलतरंग होऊन वरातींत शिरलें. गाडीवर ध्वनिक्षेपकांच्या उतरंडी रचलेल्या, बँजोचा स्वर फाटेपर्यंत चढविलेला, मागें ढोल. मीं २००६ सालीं एका वृत्तपत्रांत या प्रकाराविरुद्ध खरमरीत पत्र लिहिलें. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम उद्धृत केले, शांतताक्षेत्राचीं शंभर मीटर मोजून दाखविलीं. पत्राची पुष्कळ वाखाणणी झाली. त्याच नियमांनीं मुंबईचें रंगभवनही मुकें केलें होतें, आणि १९८६ पासून भरणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक' या जलशाला तें घर सोडावें लागलें होतें. पुतण्यानें हें मला सांगितलें तेव्हां मला समाधानच वाटलें. मुंबईंतल्या मुलांनीं या धातूंतून पुढें काय घडविलें याची मला कल्पना नव्हती. 'डेमॉनिक रेझरेक्शन' या मुंबईच्या वृंदानें २०१७ सालीं मत्स्यापासून कल्कीपर्यंत दशावतारांवर एक अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. ती मीं बर्मिंगहॅमहून परत आल्यावर ऐकली. सगळी आवडली असें म्हणणार नाहीं. नृसिंहाला हा आवाज शोभतो एवढें मात्र कबूल केलें पाहिजे.

आणि त्याच वर्षीं, म्हणजे पत्र छापून आलें त्या २००६ च्या श्रावणांत, जें झालें तें मीं तेव्हां कोणाला सांगितलें नाहीं. नागपंचमीनंतरच्या रविवारीं आमच्याकडे घरोघर कानबाई बसते, आणि सोमवारीं तिचें विसर्जन. मिरवणुकींत बँड असतो, आणि बायका मोकळेपणानें नाचतात; एरवीं डोक्यावरचा पदर न ढळूं देणाऱ्या सुना त्या दिवशीं कोणाच्या धाकांत नसतात. तात्या तेव्हां सत्तरी ओलांडलेले, ठार बहिरे. कीर्तनाला जाणें त्यांनीं सोडलें होतें, रेडिओला हात लावीत नसत. मिरवणूक आमच्या दारावरून निघाली आणि पाहतों तों तात्या ओट्यावर नाहींत. मी शोधीत गेलों. ते बँडच्या गाडीला टेकून उभे होते, उजवा तळहात ध्वनिक्षेपकाच्या पेटीवर सपाट ठेवून, डोळे मिटून. आठ-दहा पावलांवर माझे शेजारी, माझे सहकारी. मीं जाऊन त्यांचा हात धरला आणि ओढलें. त्यांनीं डोळे उघडले. त्यांचा चेहरा मीं तसा कधीं पाहिला नव्हता. "आठे ऐकू येस," ते म्हणाले, मोठ्यानें, सबंध गल्लीला ऐकूं जाईल असें. येथें ऐकूं येतें. मीं त्यांना घरीं आणलें.

तात्या २०११ सालीं गेले. पुतण्या त्या मिरवणुकींत होता, आणि त्यानें तें सारें पाहिलें होतें, हें मला तेरा वर्षांनीं त्या दालनांत कळलें. "म्हणून तर मी हसलों होतों, काका," तो म्हणाला. "तुम्हीं विचारलें होतें ना, संगीत कीं लोहारकाम? आजोबा माझ्या खोलींत येऊन बसायचे. स्पीकरवर हात ठेवून. तुम्ही कॉलेजांत गेलांत कीं."

गेलीं कांहीं वर्षें मीं माझ्या विद्यार्थ्यांना एक काम लावून दिलें आहे. गिरण्यांत काम केलेलीं जीं माणसें अजून हयात आहेत त्यांच्याकडे जावयाचें, आणि त्यांना काय दिसत होतें हें न विचारतां काय ऐकूं येत होतें हें विचारावयाचें. भोंग्याच्या वेळा मिळाल्या आहेत. खुणांच्या भाषेंतल्या कांहीं खुणा मिळाल्या आहेत: सूत तुटलें, मुकादम आला, चहा. एका म्हाताऱ्या विणकरानें जिभेनें टाळ्यावर आवाज काढून साच्याचा ठेका वाजवून दाखविला. तो ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. भोंग्याचा स्वर अजून मिळालेला नाहीं. तिघांनीं गाऊन दाखविला. तिघांचे तीन निघाले.

५ जुलै २०२५ ला ते चौघे म्हातारे ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क या मैदानांत शेवटचे एकत्र वाजवावयास बसले. ऑझबर्नला उभें राहवत नव्हतें. त्यानें खुर्चींत बसून गाणें म्हटलें. संग्रहालयांत त्याच्यावर दुसरें एक प्रदर्शन जूनपासून चालूच होतें, त्याला नांव दिलें होतें 'कामकरी वर्गाचा नायक' अशा अर्थाचें. २२ जुलैला तो वारला, वय ७६. मग लोक त्या संग्रहालयांत जाऊन शोकपुस्तकांत सह्या करूं लागले, त्याच शिळेजवळून आंत जाऊन. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा शहरांतून निघाली. पुतण्या कामावर रजा टाकून रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि त्यानें तेथून एक चित्रफीत पाठविली. शववाहिनीच्या पुढें गांवचाच एक पितळी बँड चालला होता, तुताऱ्या आणि ढोल घेऊन, आणि वाजवीत होता तें सॅबथचेंच गाणें.

मीं ती फीत जेवणाच्या मेजावर लावली. आवाज बारीक वाटला, म्हणून पूर्ण वाढविला, आणि नकळत तळहात यंत्रावर ठेवला. स्वयंपाकघरांतून पत्नीनें विचारलें, "अहो, कानबाई तर रविवारीं बसायची. बुधवारींच बँड कोणाचा आला?"